एलियस, दुसरा सीझन: तेराव्या भागातच सगळं उरकलं, मग पुढचे नऊ भाग कशाला?

वहीवाली

(तेराव्या भागापर्यंतचं सगळं खाली उघड केलंय. न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं. आणि पाहिलेल्यांनी कृपा करून तेराव्याच्या पुढचं एक अक्षर सांगू नये.)

आम्ही वरातीमागून घोडं घेऊन आलोय हे मान्य. मालिका अमेरिकेत एबीसीवर ३० सप्टेंबर २००१ ला सुरू झाली, २००६ मध्ये संपलीसुद्धा. आम्हाला सापडली ती आत्ता. आम्हाला म्हणजे मला आणि आईला. मी बघते, आई बघते आणि हिशेब ठेवते. थट्टा नाही, खराच हिशेब. जन्म लेखा विभागात गेला तिचा, निवृत्त झाली तरी हात शिवशिवतात. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागाला ती म्हणाली, "थांबव. ही बाई कुणाशी काय खोटं बोलली ते माझ्या लक्षात राहत नाहीये." आणि जाऊन आडव्या रेघांची वही घेऊन आली.

त्या वहीत प्रत्येक पात्राचं खातं आहे. डाव्या बाजूला 'याला काय माहीत', उजव्या बाजूला 'हा कुणाला काय फसवतोय'. सिडनी ब्रिस्टोला चार पानं लागली. तिचे वडील जॅक, त्यांना अडीच. ऑफिसमधला तिचा जोडीदार डिक्सन, त्याची डावी बाजू कोरी आणि उजवी बायकोपुरती. सिडनीची मैत्रीण फ्रॅन्सी, तिच्या दोन्ही बाजू कोऱ्या. "या एकाच पोरीचा ताळा जुळतो," असं आई म्हणायची.

ज्यांनी मालिका बघितली नाही आणि तरीही इथवर वाचत आले त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनी लॉस एंजेलिसमध्ये एका बँकेत काम करते असं तिच्या मित्रमैत्रिणींना वाटतं. बँकेच्या खाली एसडी-६ नावाचं गुप्त ऑफिस आहे. ते सीआयएचाच छुपा विभाग आहे असं तिथल्या लोकांना वाटतं. तो तसा नाही, अलायन्स नावाच्या टोळीची ती एक शाखा आहे. सिडनीला हे कळतं, ती खऱ्या सीआयएकडे जाते, आणि मग रोज सकाळी त्याच ऑफिसात जाऊन त्याच साहेबाला, आर्विन स्लोनला, हसून नमस्कार करते. एसडी-६ सांगतं ती वस्तू आण, सीआयए सांगतं ती आण पण त्यांना नक्कल दे. प्रत्येक कामगिरीला दोन पत्रकं. दर भागात नवा विग, नवी भाषा, नवा देश, आणि घरी आल्यावर फ्रॅन्सीला "बँकेच्या कामानं दमले गं." मालिकेचं नाव मराठीत करायचं तर 'ऊर्फ' याहून चांगलं सुचत नाही.

तर बावीस भागांच्या दुसऱ्या सीझनचा तेरावा भाग. काल रात्री पाहिला. चाळीस-बेचाळीस मिनिटांचा भाग, आई सबटायटल नीट वाचायला थांबवायला लावते म्हणून आम्हाला सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासात एसडी-६ संपलं. एकट्या एसडी-६ नव्हे, सगळ्या शाखांवर एकाच वेळी धाड. डिक्सनला सिडनीनं खरं सांगितलं. ऑफिसच्या ढिगाऱ्यात उभं राहून सिडनी आणि सीआयएतला तिचा संपर्क अधिकारी व्हॉन यांचं चुंबन, ज्याची दीड सीझन वाट बघायला लावली. आईनं लाल पेन घेतलं आणि चौदा पानांवर तिरकी रेघ मारली. "खाती बंद," म्हणाली. आणि मग, शेवटच्या दोन मिनिटांत, फ्रॅन्सी.

माझं म्हणणं: पायाच काढून घेतला तर इमारत कशावर उभी करणार? दोन मालक, एक नोकर हीच तर गंमत होती. आईचं म्हणणं: वर्षाअखेर झाली, नवी वही काढ आणि गप बस.

प्रश्न एवढाच. पुढचे नऊ भाग बघण्यालायक आहेत का? की इथंच थांबून शेवटची दोन मिनिटं विसरावी? आणि हे त्यांनी केलंच का? कुणी चालू दुकान असं भरदिवसा मोडतं का?

ता.क. मायलो रँबाल्डी या पंधराव्या शतकातल्या इटालियन भविष्यवेत्त्याचं खातं आईनं उघडलेलं नाही. "पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्याची थकबाकी मी लिहीत नाही." त्यावर काही प्रश्न आल्यास मला विचारू नये.


जुना_टीव्ही

काकूंना साष्टांग. मी डीव्हीडीच्या संचावर पाहिली तेव्हा मलाही अशी वही हवी होती.

तुमच्या 'का'चं उत्तर कथेत शोधू नका, ते वेळापत्रकात आहे. तो तेरावा भाग, 'फेज वन', २६ जानेवारी २००३ ला दाखवला. त्याच रात्री एबीसीवर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता, सॅन डिएगोत, टँपा बेनं ओकलंडला ४८-२१ असं धुतलं तो. अमेरिकेत त्या सामन्याएवढा प्रेक्षक दुसऱ्या कशालाच मिळत नाही, आणि सामना संपल्यावर लगेच जे लागतं त्याला त्यातला थोडा तरी वाटा मिळतो. ही जागा एलियसला मिळाली.

आता कल्पना करा, कधीही ही मालिका न पाहिलेला माणूस चिप्सची वाटी घेऊन बसलाय. त्याला तुम्ही काय सांगणार? "ही सीआयएत आहे असं जिथं सगळ्यांना वाटतं तिथं ती आहे, पण ते सीआयए नाही, ती मात्र खऱ्या सीआयएत आहे, वडीलही तसेच, आई रशियन"? पहिल्या सीझनमध्ये दर भागाच्या आधी सिडनीच्या आवाजात ही सगळी कुंडली वाचून दाखवायचे, आठवतंय ना? समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली मालिका होती, सिडनी झालेल्या जेनिफर गार्नरला जानेवारी २००२ मध्ये गोल्डन ग्लोबही मिळाला, पण मधूनच येणाऱ्याला दारच सापडत नव्हतं. म्हणून दारासकट भिंत पाडली. भागाची सुरुवात विमानात, अंतर्वस्त्रांतली गार्नर आणि ठणठणीत रॉक गाणं, ते कुणासाठी होतं ते सांगायला नको. काकूंनी तिथं काय शेरा मारला ते ऐकायला आवडेल.

आणि नशीब बघा. सामना आणि त्यानंतरचा सोहळा लांबला, पूर्व किनाऱ्यावर भाग सुरू व्हायला रात्रीचे अकरा वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सोमवार. तरी १ कोटी ७४ लाख लोकांनी पाहिला. या मालिकेचा सर्वात जास्त पाहिला गेलेला भाग तोच, पण सुपर बोलनंतरच्या जागेच्या मानानं आकडा फिकाच.

बघा पुढचे नऊ. एवढंच सांगतो.


रात्रपाळी

मी उलट मत देणार, सवयीप्रमाणे.

थांबा. इथंच थांबा. शेवटची दोन मिनिटं कापा आणि डोक्यात मालिका संपवा.

जुना_टीव्ही यांचं वेळापत्रक बरोबर आहे, पण त्यात काय गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. ऑफिस गेलं. मार्शल आठवा. एसडी-६ मधला तो तोतरा, गोड, यंत्रवेडा पोरगा. बैठकीत लिपस्टिकचा कॅमेरा दाखवताना मध्येच स्वतःच्या आईची गोष्ट सांगत सुटणारा. त्याला वाटतंय आपण देशासाठी काम करतोय. सिडनीला माहितीये की तो टोळीसाठी राबतोय, आणि ती सांगू शकत नाही. त्यामुळे त्याचा प्रत्येक विनोद ऐकताना आपल्याला हसूही यायचं आणि कसंतरीही व्हायचं. तेच डिक्सनचं. कामगिरीवर तो तिच्या जिवासाठी गोळ्या अंगावर घेतो आणि ती त्याच्या पाठीमागे वस्तू बदलते. ही कळ एसडी-६ शिवाय येणार कुठून? आता दोघं सीआयएत आले, सगळे एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला. म्हणजे इतर चाळीस हेरमालिकांसारखीच एक.

स्लोनचंही तेच. टेबलामागे बसून हलक्या आवाजात "बस सिडनी" म्हणणारा स्लोन जितका भीतीदायक होता तितका पळता स्लोन कधीच वाटला नाही.

आणि ती अर्धवट संपवायची खोड! कामगिरीच्या ऐन मध्यात भाग संपायचा, सिडनी कड्यावरून लटकतेय आणि काळा पडदा, मग पुढच्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत सुटका. तेराव्यानंतर तीही बरीच आवरती घेतली. रीतसर सुरुवात, रीतसर शेवट. शहाणं मूल झालं.


तिसरी_घंटा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वहीचा फोटो टाका की.


चष्मिष्ट

रात्रपाळी, ऑफिसच्या आठवणीनं मीही हळवी होते, पण तुम्ही दुसऱ्या सीझनला पहिल्याच्या मापानं मोजताय. दुसरा सीझन एसडी-६ चा नाहीच. तो इरिनाचा आहे.

वहीवाली, तेराव्यापर्यंतच बोलते, काळजी नको. पहिला सीझन संपतो तेव्हा दारातून आई आत येते. सिडनी सहा वर्षांची असताना अपघातात वारलेली, जॅकची लाडकी बायको लॉरा, म्हणजे प्रत्यक्षात केजीबीची इरिना डेरेव्को, जिनं व्हॉनच्या वडिलांना मारलं. दुसऱ्या सीझनचा पहिला भाग: आई मुलीच्या खांद्यात गोळी घालते. आणि त्याच भागाच्या शेवटी स्वतःहून सीआयएत चालत येऊन हात वर करते. पुढे भागामागून भाग ती काचेच्या कोठडीत उभी आणि मुलगी काचेच्या अलीकडे. इरिना झालेली लेना ओलिन त्या कोठडीत काहीही करत नाही. नुसती उभी राहते. आपण पडद्याला नाक लावून बघतो की ही बाई आत्ता खरं बोलतेय की नाही.

मग खोटारडा कोण ठरतो? जॅक. मादागास्करच्या घरात स्फोटकं पेरून तो इरिनाला अडकवतो, कारण लेकीला ती आवडायला लागलीय हे त्याला सहन होत नाही. आणि लगेच पुढे कळतं की त्यानं सिडनीला सहाव्या वर्षीच, तिच्या नकळत, हेर व्हायचं शिक्षण दिलेलं. ते ऐकताना गार्नरचा चेहरा परत बघा. एसडी-६ नं तिला फसवलं त्याच्या कितीतरी आधी घरच्यांनी फसवलेलं होतं.

त्यानंतर तिघांना मिळून काश्मीरला पाठवलंय, ते दोन भाग तर मी कितीदा पाहिले असतील. घटस्फोटित आईबापांबरोबर सहलीला निघाल्यासारखी सिडनी मधोमध.

आणि दुसरं. पहिल्याच भागात सिडनीनं डॅनीला, होणाऱ्या नवऱ्याला, खरं सांगितलं आणि एसडी-६ नं त्याला मारलं. तेव्हापासून या मालिकेत खरं बोलणं म्हणजे माणूस मारणं. डिक्सनला ती दीड सीझन सांगत नाही ते याच भीतीपोटी. तेराव्या भागात ती सांगते आणि तो मरत नाही. उलट त्यानं आतून कोड तपासून दिला म्हणून धाड घालता आली. मग त्याच भागाच्या शेवटी फ्रॅन्सी का, ते जरा त्या जोडीनं बघा. मला तरी ती दोन मिनिटं पदरची वाटत नाहीत.

पुढचे नऊ बघा आणि स्वयंपाकघरातल्या दृश्यांना चहा करायला उठू नका.


रात्रपाळी

चष्मिष्ट, काश्मीर दिलं तुम्हाला. त्यातलं रँबाल्डीचं पाचशे वर्षं न सुकलेलं फूल मात्र मी घेणार नाही.


वहीवाली

सगळ्यांचे आभार. फोटो मिळणार नाही, आई म्हणते हिशेबाची वही बाहेर दाखवत नाहीत.

जुना_टीव्ही, विमानाच्या दृश्याला आई म्हणाली, "हिला थंडी वाजत असेल." बाकी काही नाही. काश्मीर बघून मात्र तिनं मला दोनदा थांबवायला लावलं, पडद्यापाशी जाऊन डोंगर बघितले आणि म्हणाली, "कुठला गं हा काश्मीर?" मी सांगितलं की लॉस एंजेलिसच्या आसपासच जगभरातली शहरं उभी करायचे. तेव्हापासून पडद्यावर गावाचं नाव मोठ्या अक्षरात आलं की ती "हो का?" म्हणते. मॉस्को, हो का. टोकियो, हो का.

चष्मिष्ट यांचा प्रतिसाद मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वही उघडली आणि इरिनाच्या पानावरची तिरकी रेघ खोडली. रेघ कशी खोडायची ते तिलाच माहीत, शेजारी सही केली. म्हणाली, "हिचं खातं मी एसडी-६ बरोबर बंद केलं, चूक झाली. ही त्यांच्याकडे नव्हतीच कधी." त्यामुळे आज रात्री चौदावा. रात्रपाळी, माफ करा.


जुना_टीव्ही

चौदाव्यात ईथन हॉक आहे. काकूंना पानं मोकळी ठेवायला सांगा, लागतील.


वहीवाली

(आता संपूर्ण दुसरा सीझन उघड. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा.)

अकरा दिवसांनी परत येतेय. संपवला.

आधी रात्रपाळींचं देणं चुकवते. तुमचं मार्शलबद्दलचं खरं निघालं. तो पुढेही गोडच आहे, पण आता त्याला सगळं माहीत असतं, त्यामुळे त्याच्या विनोदांवर मी नुसती हसले. कसंतरी झालं नाही. ते गेलं ते गेलंच. मधले दोन-तीन भाग साध्या पोलीस मालिकेसारखे वाटले, एका भागात तर मी झोपले आणि आईनं उठवलंही नाही.

पण फ्रॅन्सी.

तेराव्याच्या शेवटी तिला कपाळात गोळी घालून तिच्याच चेहऱ्याची बाई घरात उभी राहिली. चौदाव्यात कळलं, जनुकं बदलून माणसाची हुबेहूब दुसरी प्रत करता येते. आईनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे नाव खोटं, काम खोटं हे चालत होतं. आता माणूसच बनावट." मग सगळी बंद खाती परत तपासायला घेतली, हा खरा कशावरून, तो खरा कशावरून. व्हॉनवर तिचा अजून संशय आहे.

पुढचे आठ भाग आमच्याकडे कुणीही स्वयंपाकघरातल्या दृश्याला उठलं नाही. सिडनी दमून घरी येते, ऑफिसातलं आता थोडंफार खरं बोलायची मुभा आहे, आणि जिच्यापाशी मन मोकळं करते ती हेर. पूर्वी सिडनी खोटी आणि फ्रॅन्सी खरी होती. रात्रपाळी, तुम्ही म्हणता ते ऑफिस मोडलं नव्हतं हो, सामान तिच्या घरी हलवलं होतं. सिडनीच्या मित्राला, बिचाऱ्या विलला तर ती रोज शेजारी झोपून वापरत होती. आईला विल पहिल्यापासून आवडतो, "कामधंदा सोडून भलत्याच्या मागे लागतो पण मुलगा चांगला आहे." त्याला न्हाणीघरात रक्तात पडलेला पाहून तिनं पहिल्यांदाच मला थांबवायला सांगितलं ते सबटायटलसाठी नव्हतं.

डिक्सनबद्दल मी लिहिणारच नव्हते. त्याच्या हातून स्लोनची बायको एमिली गेली, ती गोळी तिच्यासाठी नव्हती. मग स्लोननं डिक्सनची बायको मारली. आईनं दोन्ही खात्यांत एकच रक्कम लिहावी तसं दोघींचं नाव समोरासमोर लिहिलं आणि त्या दिवशी पुढचा भाग लावू दिला नाही.

इरिना पळाली त्याचं आईला नवल वाटलं नाही. जॅकनं तिच्या कातडीखाली बसवलेलं यंत्र तिनं काढून टाकलेलं, तरी आई जॅकवरच चिडली: "एकदा फसला तो वीस वर्षांपूर्वी, वय कमी होतं. आता काय?" पण मग त्या कानातल्यांतला मोर्स संदेश आला, सत्याला वेळ लागतो असा काहीसा, आणि ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. हिनं रेघ मारली नाही अजून."

आणि शेवटचा भाग. सिडनी आईस्क्रीम देते. कॉफीचं. ती बया चवीनं खाते. सिडनी सहज बोलत बोलत मागे सरते, खोलीत जाते, आणि मग दारातून दोघी एकमेकींवर तुटून पडतात ते घरातलं एकही काचसामान शिल्लक ठेवत नाहीत. फ्रॅन्सीला कॉफीचं आईस्क्रीम आवडत नाही! एवढ्या यंत्रांच्या, रँबाल्डीच्या, उपग्रहांच्या मालिकेत सगळ्यात मोठा पुरावा हा. आई टाळ्या वाजवत होती. नवी माहिती नव्हे, जुनी नोंद, असं काहीतरी ओरडली.

मग सिडनी बेशुद्ध पडते, हाँगकाँगमध्ये रस्त्यावर उठते, व्हॉन येतो, त्याच्या बोटात लग्नाची अंगठी, आणि जवळजवळ दोन वर्षं गेलेली. आम्ही तीनदा मागे जाऊन बघितलं. आईला अंगठी डाव्या हातातच आहे ना याची खात्री करायची होती.

काल सकाळी वही टेबलावर होती म्हणून उघडली. शेवटच्या नोंदीनंतर तिनं पंधराएक पानं कोरी सोडलीत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं तारीख टाकायची जागा आखून ठेवलीय. विचारलं तर म्हणाली, "दोन वर्षांच्या नोंदी यायच्या आहेत ना. आल्या की भरू."

आता तिसऱ्या सीझनमध्ये ती पानं भरतात का, एवढंच कुणीतरी हो किंवा नाही मध्ये सांगा.


चष्मिष्ट

हो. पण सगळी नाही. आणि इरिनाची वाट बघू नका म्हणावं, एवढं आधीच सांगते, नाहीतर काकू मला शिव्या घालतील.


रात्रपाळी

सामान हलवलं होतं हे मान्य. कॉफी आईस्क्रीमसाठी तेरा ते बावीस परत बघतोय, शनिवारपासून.


तिसरी_घंटा

निदान कोऱ्या पानांचा फोटो तरी?


वहीवाली

विचारलं. नाही म्हणाली.